सगळ्यांचा वाफा, कुणाचं पाणी?

घरातली कुंडी एकाची असते, रस्त्याकडेचा वाफा सगळ्यांचा. आणि सगळ्यांचं ते बहुतेकदा कुणाचंच नसतं. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या एका गल्लीने यातून वाट कशी काढली, त्याची ही हकिगत. आपल्या गल्लीलाही ती उपयोगी पडावी.

भोपाळला आत्याकडे निघायचं म्हटलं की आमच्या घरात आधी कुंद्याची आठवण होते. बेळगावहून जायचं आणि कुंदा न्यायचा नाही, हे कसं शक्य आहे? पण गेल्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी आत्याचाच फोन आला. "कुंदा नको गं आणूस. दोघांनाही साखर आहे. त्यापेक्षा अबोलीचं बी मिळालं तर बघ. पुडीत बांधून आण, ओलं होऊ देऊ नकोस."

साठी कधीच ओलांडलेल्या बाईला साडी नको, कुंदा नको, बी हवं! मला नवल वाटलं. तिथे पोहोचल्यावर कारण कळलं.

इंद्रपुरी ही रायसेन रस्त्याकडेची, भेलच्या वसाहतीला लागून असलेली वस्ती. सेक्टर ए, बी, सी अशी तिची विभागणी. आत्याचे यजमान भेलमध्ये होते. निवृत्तीनंतर कंपनीचं घर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी इथे लहानसं घर घेतलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं नव्याने आखली गेली. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. नागपूरची कचेरी सुटून कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे गेली. त्याच सुमारास तिथे विजेच्या अवजड यंत्रांचा कारखाना उभा राहू लागला आणि मुलूखमुलुखातली माणसं कामाला आली. त्यामुळे आत्याच्या गल्लीत हिंदी आहे, मल्याळी आहे, पंजाबी आहे आणि उजव्या हाताला धारवाडकडच्या काकू आहेत. आत्या त्यांना "बा तंगी" म्हणून हाक मारते आणि त्या आत्याला "अक्का" म्हणतात. बेळगाव-धारवाडचं अंतर भोपाळमध्ये एका कुंपणाच्या भिंतीएवढंच उरलं आहे.

पहिल्या वर्षाची फजिती

या गल्लीत घरांची कुंपणं आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये तीन फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. पाच घरांसमोरून ती जाते. कोपऱ्यावर सिमेंटच्या चार मोठ्या कुंड्याही आहेत. पूर्वी या पट्टीत गाजरगवत, विटांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या असत. एका थंडीत पाचही घरांनी वर्गणी काढली, पट्टी साफ केली आणि नर्सरीतून रोपं आणली. पेटुनिया, डेलिया, गुलाब. जानेवारीत असा काही बहर आला की येणारे-जाणारे थांबून बघत.

मार्च सरत आला आणि सगळं बिघडलं. पेटुनिया आणि डेलिया ही मुळात थंडीच्या दिवसांची फुलं. ऊन चढलं की ती जाणारच, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पण गुलाबही गेले, त्याचं कारण निराळं होतं.

"मी सकाळी पाणी घालायची," आत्या सांगत होती. "तंगी तिच्या घरातली कामं आटोपून दहाला घालायची. समोरचे रिटायर गुरुजी संध्याकाळी पाइप लावायचे. कुणी कुणाला विचारलंच नाही. काळी माती. पाणी धरून बसली आणि मुळं कुजली. तंगी एकदा पान उलटून बघत म्हणाली, 'अक्का, नीर भाळ आतु.' तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला."

पुढची गंमत अशी की एप्रिलमध्ये, जेव्हा खरंच पाणी हवं होतं, तेव्हा कुणीच घातलं नाही. एक घर गावी गेलेलं, दुसऱ्याकडे लग्न, गुरुजींचा गुडघा दुखायला लागलेला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा घालतच असेल. उरलंसुरलं एका मोकाट गाईने संपवलं.

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. "कशाला हवा हा खटाटोप? सरळ पेव्हर ब्लॉक बसवून टाका. चार गाड्या उभ्या राहतील." बोलणारे वाईट नव्हते. गल्लीत गाड्या वाढल्या होत्या आणि जागेची अडचण खरीच होती.

गुढीपाडव्याला, म्हणजेच काकूंच्या उगादीला, सगळे एकत्र बसले. काकूंनी बेवु-बेल्ल दिलं, आत्याने कडुलिंबाची चटणी. त्या कडू-गोड बैठकीत ठरलं, की एक वर्ष थांबायचं. पुढच्या पाडव्याला पट्टी हिरवी दिसली तर ती राहील. नाही दिसली, तर ब्लॉक बसतील आणि कुणी तक्रार करायची नाही.

आधी माणसं, मग रोपं

त्या वर्षी आत्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे नर्सरीत जायचं टाळलं. एका वहीत पाच घरांची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर वार टाकला. ज्याचा वार, त्याचंच पाणी. इतरांनी हात लावायचा नाही, रोप कितीही तहानलेलं वाटलं तरी! गावी जायचं असेल तर वही शेजारच्या घरात द्यायची. वही ज्याच्याकडे, त्याच्यावर जबाबदारी.

मग रोपांची निवड. त्यासाठी चार प्रश्न ठरले. उन्हाळ्यात आठवडाभर कुणी बघितलं नाही तर हे झाड जगेल का? गाई-शेळ्या याला तोंड लावतात का? दर वर्षी विकत न आणता बियांनी, कंदांनी किंवा फांदीने वाढेल का? आणि देवाला एखादं फूल नेलं, तर झाडाचं नुकसान होईल का?

या चार चाळण्यांतून जी फुलं खाली उतरली, ती सगळी आपल्या आजीच्या परसातली निघाली. आपल्या भागातल्या घरांत ती दोन-दोन नावांनी ओळखली जातात.

सदाफुली, म्हणजे कन्नडमधलं नित्यपुष्प. मूळची मादागास्करची, पण आता भिंतीच्या भेगेतही उगवते. तिला भरपूर ऊन आणि बेताचं पाणी हवं. बी आपोआप पडतं, पुढच्या पावसात रोपं तयार. कडवट चिकामुळे जनावरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. साखरेवर उपाय म्हणून तिची पानं चावून खाण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, आत्यालाही कुणी दिला होता. हे झाड विषारी आहे. १९५० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांना याच झाडातून कर्करोगावरची औषधं मिळाली, ती त्यातल्या जहाल द्रव्यांमुळेच. ती औषधं डॉक्टर मोजून-मापून देतात. आपण वाफ्यातली पानं चावू नयेत.

गुलबक्षी, काकूंची संजे मल्लिगे. संध्याकाळी उमलते आणि मंद वास देते. हिच्या मुळाशी कंद असतो. उन्हाळ्यात वरचं झाड वाळलं तरी कंद जमिनीत शाबूत राहतो आणि पहिल्या पावसाला कोंब वर येतो. गाव सोडून जाणाऱ्यांसाठी याहून चांगलं फूल नाही. काळ्या मिऱ्यांसारखं तिचं बी मात्र लहान मुलांनी तोंडात घालू नये.

चिनी गुलाब. भोपाळकडे याला 'नौ बजिया' म्हणतात, कारण ऊन चढलं की ते उमलतं. आपल्याकडे काही घरांत ते 'ऑफिस टाइम' आहे. बोटभर फांदी खोवली की लागते. पानांत पाणी साठवत असल्यामुळे सिमेंटच्या तापणाऱ्या कुंडीत हेच टिकतं. मोठ्या पावसात मात्र कुजतं, म्हणून पाणी निघून जाईल अशीच जागा द्यावी.

कोरांटी, कन्नडची गोरंटे. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, त्यामुळे ती कुंपणाचंही काम करते. पाणी कमी लागतं, आणि पाऊस संपून इतर फुलं थकली की हिचा बहर सुरू होतो.

झेंडू, म्हणजे चेंडू हूवु, आपल्याला दसरा-दिवाळीला हवाच. बी टाकल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात. तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत बी पडलं पाहिजे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. दसऱ्याच्या माळेतलीच चार फुलं सावलीत वाळवून ठेवली की पुढच्या वर्षीचं बी घरात.

तगर, कन्नडमध्ये नंदीबट्टलु, आणि अबोली, अर्थात कनकांबर, या दोघी अर्ध्या सावलीच्या. भोपाळची कडक दुपार अबोलीला सोसत नाही आणि जानेवारीची थंडीही नाही. भिंतीच्या आडोशाला ती रमते.

कण्हेर, म्हणजे कणगिले, हिच्यावर मात्र बराच खल झाला. मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांत तीच लावतात, कारण ती ऊन, धूळ, धूर सगळं सोसते. पण तिचं पान न् पान विषारी. गल्लीत लहान मुलं खेळतात, म्हणून तिला नकार मिळाला. हमरस्त्याला जे योग्य, ते गल्लीला योग्य असेलच असं नाही.

माती तीच, ऊन वेगळं

भोपाळच्या बऱ्याच भागात आपल्या दख्खनसारखीच काळी माती आहे. पावसात ती चिकट होते आणि मेमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बेळगावला असं ऊन क्वचितच लागतं. तेव्हा जे फूल इंद्रपुरीतल्या रस्त्याकडेला उन्हाळा काढतं, त्याला आपला उन्हाळा जड जाणार नाही. आपल्याकडे काळजी घ्यायची ती पावसाळ्याची, पाणी साचू न देण्याची.

गल्लीने पट्टीतली वीतभर माती उकरली. त्यात वाळू, विटांचा चुरा आणि शेणखत मिसळलं. वाफा रस्त्यापेक्षा चार बोटं उंच ठेवला, म्हणजे पाणी साचत नाही. सिमेंटच्या कुंड्यांची तळाची भोकं बुजली होती, ती मोकळी केली आणि त्यावर खापराचे तुकडे ठेवले. कुंड्यांखाली ताटल्या ठेवायच्या नाहीत, असंही ठरलं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. कुठे ठेवल्याच असतील, तर आठवड्यातून एकदा पाणी ओतून त्या घासल्या पाहिजेत.

मार्चमध्ये झाडांची पानं गळतात तेव्हा गल्लीत ती पेटवून देण्याची पद्धत होती. ती बंद केली. सगळी पानं वाफ्यावर पसरली. या थराखाली ओल टिकते, मातीला भेगा पडत नाहीत आणि पावसाळ्यात त्याच पानांचं खत होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार'मधून हेच शिकवलं होतं. पालापाचोळा हा कचरा नाही, ती उद्याची माती आहे, आणि आपला प्रयोग शेजाऱ्याला सांगितला की तो दोघांचा होतो. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं हे ज्ञान आत्याला भोपाळमध्ये उपयोगी पडलं.

पाणी रोज शिंपडायचं नाही. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच्या वर राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. मुळं धरलेल्या झाडांना जमिनीत उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण खोलवर जाईल असं पाणी पुरतं. सिमेंटच्या कुंड्यांना मात्र एक दिवसाआड लागतं. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. सगळ्यात सोपी परीक्षा काकूंची. बोट मातीत दोन पेरं घालायचं. ओल लागली तर बादली परत घरात.

फूल तोडावं की नाही?

खरं भांडण पाण्यावरून झालंच नाही, ते फुलांवरून झालं. पहाटे पिशवी घेऊन कुणीतरी येई आणि सात वाजता लोक उठत तेव्हा वाफ्यात फक्त पानं. हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? 'फुले तोडू नयेत' आणि 'हूगळन्नु कीळबेडि' या दोन्ही पाट्या आपण वाचल्या आहेत, आणि त्या पाटीच्या मागून फूल तोडणारेही पाहिले आहेत.

गुरुजींचं म्हणणं होतं, पाटी लावा. आत्या म्हणाली, देवाला फूल नेणाऱ्याला चोर ठरवायचं माझ्याच्याने होणार नाही. काकूंनी तोडगा काढला. झेंडूसारखी फुलं काढली की झाड जास्त फुलतं, कारण बी धरण्यात जाणारी त्याची ताकद वाचते. तेव्हा झेंडूची फुलं सगळ्यांनी न्यावीत, पण पाचच, आणि कात्रीने. फांदी ओरबाडायची नाही. बी धरायला ठेवलेल्या झाडाला लाल दोरा बांधायचा, त्याला हात लावायचा नाही. तगरीची रस्त्याकडची बाजू बघणाऱ्यांसाठी राखायची. आणि कोपऱ्यावर एक पारिजातक लावायचा. त्याची फुलं जमिनीवर पडलेली असली तरी देवाला चालतात, असं आपल्याकडे मानतात. वेचणाऱ्याने वेचावीत, झाडाला धक्काही लागत नाही.

आणि पहाटेची पिशवीवाली? ती मागच्या गल्लीतली एक आजी निघाली. तिला बोलावून एक वार दिला, पाण्याचा. आता ती पाणी घालते आणि आपली पाच फुलं हक्काने नेते.

परक्या मुलुखातही हेच

हा प्रश्न काही इंद्रपुरीचा एकटीचा नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिझ ख्रिस्टी नावाच्या चित्रकार बाईंनी मित्रमंडळींना घेऊन कचऱ्याने भरलेला एक पडीक भूखंड साफ केला आणि तिथे रोपं लावली. पुढच्या वर्षी शहराच्या प्रशासनाने महिना एक डॉलर भाड्याने ती जागा त्यांना दिली. आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ती बाग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांवर चालते. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून रस्त्याकडेच्या मोकळ्या तुकड्यांत लोकांनी भाजी आणि वनस्पती लावल्या. कुणीही यावं आणि न्यावं.

आपल्याकडे रस्त्याकडेची जागा बहुधा नगरपालिकेची किंवा महापालिकेची असते. तेव्हा आधी वॉर्डातल्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा. गटार बुजवू नये, पायी चालणाऱ्यांची वाट अडवू नये, विजेच्या तारांखाली उंच वाढणारं झाड लावू नये. आणखी एक सावधगिरी. पिवळा-केशरी कॉसमॉस दिसतो सुंदर आणि वाढतोही बिनकष्टाचा, पण पुण्याच्या टेकड्यांवर तो मोकाट पसरून तिथल्या मूळच्या रानफुलांची जागा खातो आहे. घाणेरीचं तेच. कमी निगेचं फूल हवं, पण वाफ्याबाहेर पळणारं नको. डोंगराजवळच्या वस्त्यांनी हे जरूर पाळावं.

पुढचा पाडवा

मग त्या पाडव्याला काय झालं?

पाचही घरांसमोर पट्टी हिरवी होती, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन घरांसमोरचा भाग वाळला होता. तिथे दिवसभर भिंतीचं ऊन परतून लागायचं, आणि वहीतले तिथले वारही बरेच चुकले होते. त्या दोन घरांसमोर ठरल्याप्रमाणे ब्लॉक बसले. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. आत्याने तक्रार केली नाही. "शब्द दिला होता ना," एवढंच म्हणाली. उरलेल्या तीन घरांसमोर सदाफुली, कोरांटी, गुलबक्षी आहे आणि कोपऱ्यावर पारिजातक. सिमेंटच्या चारही कुंड्यांत नौ बजिया नऊ वाजता उघडतो. ब्लॉक बसवलेल्या घरातल्या सूनबाईंनी परवा विचारलं म्हणे, "भाभीजी, गाड़ी के पीछे एक गमला रख लूँ क्या?" आत्याने वही पुढे केली आणि म्हणाली, "पहले दिन चुन लो."

म्हणजे कमी निगेचं फूल हे बिननिगेचं नसतं. त्याला पाणी थोडं लागतं, खत थोडं लागतं, पण ते कोण देणार हे नक्की लागतं. जे झाड आपल्या आठ दिवसांच्या चुका पोटात घालतं, तेच सगळ्यांच्या वाफ्यात लावावं. बाकीच्या चुका वहीने सांभाळाव्यात.

मी नेलेलं अबोलीचं बी आत्याने काकूंच्या भिंतीच्या सावलीत टाकलं. अबोलीची वाळलेली बोंडं ओली झाली की तडकतात आणि बी दूर उडतं. म्हणूनच तिने पुडी कोरडी ठेवायला सांगितली होती. माझ्या निघण्याच्या दिवशी पहिला पाऊस आला. काही बोंडं काकूंनी मुद्दाम ताटलीत ठेवली होती, ती अंगणात सरकवली. आम्ही तिघी दारात उभ्या राहून ऐकत होतो. तट्, तट्.

"कनकांबर," काकू म्हणाल्या.

"अबोली," आत्या म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. बी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पडत होतं.